चौथ्या भोकावर आठ

लोलयेच्या सड्यावर नऊच भोकं आहेत,
अठरा हवीत तर दोनदा फिरायचं.
साडेसहाला चिऱ्याच्या गडग्यावर अजून दव,
आणि खालून कुठून तरी काजूच्या भट्टीचा वास.
इनास बार्रेटो वहीत बघून नाव पुकारतो,
"शाल्मली धुमे."
लग्नानंतर हे नाव कुणी पुकारलेलं नाही.
वही जुनी आहे.
मी दुरुस्ती सांगत नाही.

हातमोजा बॅगेच्या कप्प्यात
सोलासारखा काळा, आकसून बसला होता. नवा घेतला.
क्लब तेच. गुडघा मात्र तो नाही.
प्रोग्रेसिव्ह चष्म्यातून चेंडू दोन असतात,
एक गवतावर, एक जरा अधांतरी.
मी दोन्हींच्या मधे नेम धरते.
"ल्हवू गो बाय," इनास म्हणतो, "बॉल खंय वचना."

माझ्याबरोबर जोव्हियन कार्दोझ, वय सोळा,
कमरेत अजून हाडं नसलेला.
कार्डं बदलायची असतात,
त्याचे फटके मी लिहायचे, माझे त्यानं.
बावीस वर्षं मी लोकांची खाती जुळवली,
आता माझा आकडा दुसऱ्याच्या हातात,
तर त्याच्या पेन्सिलीचं टोक
मला पाठीत जाणवतं.

सगळ्यांना वाटतं, अभ्यासासाठी सोडलं.
खरं म्हणजे शेवटचं भोक होतं,
चेंडू चार फुटांवर,
आणि तो दोनदा आत गेला नाही.
बाबा गाडीत काही बोलले नाहीत,
काणकोण गेलं, मडगाव आलं.
घराच्या पायरीवर मी म्हटलं, बारावी आहे.
ते म्हणाले, हो, बरोबर.
इतकं सोपं होतं.
सव्वीस वर्षं पुरलं.

चौथं भोक.
पहिला फटका काजूंच्या बागेत,
पडलेल्या बोंडांत, मुंग्यांत.
दुसरा खोडावर, ठण्णकन.
तिसरा बाहेर आला आणि थांबला
तिथे एक टिटवी उभी राहून बोंबलायला लागली.
चार अंडी, अगदी चिऱ्याच्या खड्यांसारखी.
ती गप्प राहिली असती तर पाय पडला असता.
इनासनं हातानं रंगवलेली पाटी आहे तिथे,
"टिटवीच्या घरट्यापाशी चेंडू थांबल्यास
दंडाविना उचलून लांब ठेवावा."
दंडाविना.
मी पुन्हा वाचलं.
आमच्या बँकेत असा रकाना नाही.

चौथा तोकडा. पाचवा हिरवळीवर.
सहावा लांबून, बरा होता, चार फुटांवर थांबला.
चार फूट.
सातवा कडेला घासून गेला.
उरलेला बोटभर ढकलला,
आणि चेंडू आत पडल्याचा आवाज
अगदी तसाच आला,
जसा एका फटक्यात पडल्यावर येतो.

दुसऱ्या फेरीत तेच भोक तेरावं होतं.
पाच.
टिटवी तेव्हाही बोंबलली.

टेबलावर सोडा, पातळभाजी, कार्ड.
चौथ्यापुढे सात लिहिले आहेत.
"जोव्हियन, इथे आठ."
"शेवटचा असाच होता आंटी, एवढासा," तो बोट दाखवतो.
"आठ."
तो खोडतो. कागद जरा फाटतो.
मराठीतला आठ खालून उघडा असतो, निघून जाता येतं.
हा त्यानं इंग्रजीत काढला,
गोळ्यावर गोळा, वरचा कललेला,
कुठूनही वाट नसलेला.
तो मला आवडला.

एकूण सत्त्याण्णव.
सही करताना हातानं मला विचारलं नाही,
धुमेच्या 'ध'ला शाळेतली ती उगीचची गाठ
आपोआप आली.

जोव्हियन ऐंशीवर होता आणि रागावला होता.
त्याची आई गाडीतून हॉर्न देत होती.
तो मागच्या सीटवर बसला,
मी ओळखते ती मान, खिडकीकडे वळलेली.
त्याला काहीतरी सांगावंसं वाटलं,
सुचेपर्यंत गाडी उतारावरून दिसेनाशी झाली.

इनासनं वही पुढे सरकवली,
मे महिन्याची, पावसाआधीची शेवटची स्पर्धा.
तीनशे रुपये. मी पाचशेची नोट दिली.
त्यानं खिसे चाचपले, डबा उघडून बघितला.
"सुटे ना. फुडल्या पावटी घे."
बरं, म्हटलं.